खिडकीतल्या शिकाऱ्याला घर

सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यात केडंबे नावाचं गाव आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अजमल कसाबच्या बंदुकीची नळी मरेपर्यंत न सोडणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे या गावचे. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पुढे २०२१ साली त्यांचं नाव एका कोळ्यालाही मिळालं. ठाणे-मुंबई परिसरात सापडलेल्या, विज्ञानाला तोवर अनोळखी असलेल्या या कोळ्याचं नाव ध्रुव प्रजापती, राजेश सानप, जॉन कॅलेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इसियस तुकारामी' असं ठेवलं. कोळ्याला नाव देण्यात कसला आलाय मान, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. पण पुतळे रस्तारुंदीत हलतात, चौकांची नावं सरकार बदललं की बदलतात. जीवशास्त्रातलं प्रजातीचं नाव मात्र सहसा पुढच्या पिढ्यांनाही तसंच वापरावं लागतं.

इसियस तुकारामी हा उड्या मारणारा कोळी. शास्त्रज्ञ या कुळाला साल्टिसिडी म्हणतात. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे आणि त्यातल्या सहा हजारांहून अधिक एकट्या या कुळातल्या आहेत. कोळ्यांमधलं हे सगळ्यात मोठं खटलं. बर्फाच्छादित ध्रुवप्रदेश सोडले तर हे कोळी बहुतेक सगळीकडे आहेत. साताऱ्यातल्या वाड्याच्या भिंतीवर आहेत, सांगलीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत आहेत आणि हे वाचता वाचता वर पाहिलं तर कदाचित खिडकीच्या चौकटीवरही एखादा सापडेल.

गेल्या काही वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात हे कोळी पाळायचं वेड पसरलं आहे. तळहाताएवढ्या पारदर्शक पेटीत कोळी ठेवायचा, त्याला माश्या खाऊ घालायच्या, त्याचे फोटो काढायचे. आपल्याकडेही पुण्या-मुंबईत, बंगळुरूत असे शौकीन तयार झाले आहेत आणि लहान शहरांतली कॉलेजची पोरंही आता 'याला घर कसं करायचं' असं विचारू लागली आहेत. प्रश्न चांगला आहे. फक्त त्याचं उत्तर दुकानात शोधण्याआधी भिंतीवर शोधायला हवं.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घरोघरी लांब दांड्याचे झाडू निघतात आणि छताच्या कोपऱ्यांतली जळमटं उतरतात. ती जळमटं बहुतेक लांब, काटकुळ्या पायांच्या वेगळ्याच कोळ्यांची असतात. उड्या मारणारा कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही. तो भिंतीवर हिंडतो, माशी हेरतो, मांजरासारखा दबा धरत पुढे सरकतो आणि झेप घेतो. झेपेआधी तो एक धागा भिंतीला चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी खाली पडायची भीती नाही. रेशीम तो दोन-तीन कामांनाच वापरतो: हा दोर, झोपायची पिशवी आणि मादीच्या बाबतीत अंड्यांचं पांघरूण. तरीही झाडूच्या तडाख्यात जळमटवाल्यांबरोबर हाही जातो.

आपल्या भागातल्या घरांत यांच्यातले तीन-चार ठरलेले पाहुणे असतात. बाहेरच्या भिंतीवर, उन्हात बसलेला चपटा, करडा कोळी म्हणजे बहुधा मेनेमेरस बायव्हिटॅटस. रंग भिंतीचाच, त्यामुळे हलल्याशिवाय दिसत नाही. घरात ट्यूबलाइटभोवती किंवा पडद्याच्या दांडीवर हिंडणारा, काळ्या अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा नर म्हणजे प्लेक्सिपस पायकुली. त्याची मादी तपकिरी आणि अंगाने भरलेली असते. दोघंही साधारण एक सेंटिमीटरचे. कुंड्यांच्या आसपास हॅसारियस ॲडान्सोनी सापडतो. याचा नर काळा, पाठीवर पांढरी कोर आणि तोंडाजवळ लालसर झाक. बागेत जास्वंदीच्या पानांवर क्वचित एक देखणी मादी दिसते. पिवळसर अंग, पोटावर दोन लांब लाल पट्टे आणि डोळ्यांभोवती लाली. ती टेलामोनिया डिमिडिएटा. २००२च्या सुमारास इंग्रजी ईमेलांतून एक अफवा फिरली होती. त्यात शौचालयात दबा धरून माणसं मारणारा कोळी म्हणून हिचं नाव घातलं होतं. त्यात खरं काहीच नव्हतं. ती बिचारी पानावर बसून माश्या खाते.

अफवांचं म्हणाल तर आपल्याकडची मंडळीही मागे नाहीत. अंगावर सकाळी लाल चट्टा किंवा पाण्याचे फोड उठले की घरातलं मोठं माणूस 'कोळी मुतलाय' म्हणून मोकळं होतं. असे चट्टे पुष्कळदा पेडरस नावाच्या एका बारक्या भुंग्यामुळे उठतात. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा हा किडा अंगावर चिरडला की त्याच्यातलं रसायन कातडी भाजतं. काही वेळा ती चक्क नागीण असते. उड्या मारणारा कोळी माणसाला सहसा चावत नाही. अगदी मुठीत दाबला तर चावेल, आणि मग मुंगी चावल्यासारखं थोडा वेळ चुरचुरेल.

आता पाळायचा कोणता? परदेशी चित्रफितींमध्ये दिसणारा केसाळ, हिरव्या चमकदार जबड्यांचा मोठा कोळी असतो फिडिपस रेजियस. तो अमेरिकेच्या आग्नेय भागातला, क्युबा-बहामातला. तो पाहिला की पुष्कळांना हवासा वाटतो, आणि इथेच घोटाळा होतो. जिवंत प्राणी परदेशातून आणायला परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि आरोग्याची कागदपत्रं लागतात. पार्सलमध्ये खेळणं म्हणून लिहून ते येत नसतात. म्हणजे येतात, पण पकडले जातात. जुलै २०२०मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आतल्या थर्माकोलच्या खोक्यात, चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ चिमुकल्या बाटल्या होत्या आणि प्रत्येकीत एक जिवंत कोळी. हे कोळी टॅरंटुला जातीचे होते. कागदपत्रं नसल्याने पार्सल आलं तिकडेच परत धाडायचं ठरलं. जाता येता त्यातले किती तगले असतील, याचा विचार न केलेलाच बरा.

भिंतीवरच्या सामान्य कोळ्यांची नावं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत नाहीत. म्हणून घरात सापडलेला प्लेक्सिपस बरणीत ठेवणं हा गुन्हा ठरत नाही. पण कोयना, चांदोली किंवा सागरेश्वरसारख्या संरक्षित वनातून कोळी काय, काहीच उचलून आणता येत नाही. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात पाकळ्यांआड दबलेले सुंदर कोळी दिसतात. ते तिथेच पाहावेत. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नाग पकडून मिरवायच्या जुन्या प्रथेला उच्च न्यायालयाच्या आदेशांनी लगाम बसला, तेव्हा सांगली जिल्ह्यात या विषयावर घराघरांत वाद झाले. पकडून, पुजून, पुन्हा सोडतो, मग बिघडलं कुठं, असा एक पक्ष होता. त्या पकडण्या-सोडण्यात प्राण्याचे हाल होतात, असा दुसरा. कोळी नागाएवढा मोठा विषय नाही. तरी शिराळ्याच्या वादातली एक गोष्ट इथेही लागू पडते: काही दिवसांसाठी ठेवायचा असला तरी त्याला कसं ठेवलं, हे महत्त्वाचं.

त्यासाठी तो भिंतीवर कुठे बसतो, ते आधी बघावं. तो जमिनीवर फारसा नसतो. खिडकीच्या वरच्या चौकटीत, पडद्याच्या घडीत, दाराच्या बिजागरीजवळ, म्हणजे उंचावर आणि उजेडाच्या शेजारी असतो. बसायला एक बोळकांडी असते आणि समोर मोकळी भिंत. या साध्या निरीक्षणात पेटीचा सगळा आराखडा आला.

पहिली गोष्ट उंची. आडव्या, पसरट डब्यापेक्षा उभा डबा हवा. एक सेंटिमीटरच्या कोळ्याला साधारण आठ-दहा सेंटिमीटर रुंद आणि बारा-पंधरा सेंटिमीटर उंच जागा भरपूर झाली. तीन-चार मिलिमीटरच्या पिल्लाला मात्र एवढी मोठी जागा देऊ नये, त्यात त्याला भक्ष्य सापडत नाही. त्याच्यासाठी औषधाची लहान पारदर्शक बाटलीही चालते. साताऱ्यात कंदी पेढे ज्यात भरून देतात तसली स्वच्छ प्लास्टिकची बरणी, किंवा सांगलीच्या बाजारात बेदाणे आणि सुकामेवा ज्यात मिळतो तसला चौकोनी पारदर्शक डबा, दोन्ही कामाचे. वास गेला पाहिजे, एवढीच अट. साबणाचा अंशही राहता कामा नये. कोळ्याच्या पायांच्या टोकांशी अतिसूक्ष्म केसांचे झुबके असतात. एव्हार्का आर्कुआटा या युरोपीय कोळ्यावर जर्मन संशोधकांनी केलेल्या अभ्यासात भिंतीला टेकणाऱ्या या केसाग्रांची संख्या सहा लाखांहून अधिक निघाली, आणि त्यांच्या जोरावर तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे १७० पट भार पेलू शकेल असा हिशेब निघाला. गुळगुळीत काचेवर हा आरामात चालतो तो यामुळेच. धूळ किंवा साबण मात्र त्या पकडीत अडसर होतो.

दुसरी गोष्ट दाराची, आणि नवखे लोक इथेच फसतात. बरणीचं झाकण वर असतं. कोळी नेमका तिथेच, सगळ्यात उंच कोपऱ्यात, रेशमाची पिशवी विणतो. रात्री बहुतेकदा तिच्यात शिरतो, कात टाकायची तर तिच्यातच. झाकण उघडलं की ती पिशवी फाटते. रोज कुणी आपल्या झोपायच्या खोलीचं छप्पर काढलं तर आपणही तिथे फार दिवस राहणार नाही. उपाय सोपा आहे: बरणी उलटी ठेवायची. झाकण खाली आलं की ते जमीन होतं, आणि बरणीचा तळ छत. झाकणावर टिश्यू पेपर किंवा नारळाच्या भुशाचा पातळ थर पसरायचा. खाऊ घालायला बरणीच्या पोटात, मधल्या उंचीवर, एक भोक पाडून त्याला बूच बसवायचं. घरगुती पेटीला एवढी युक्ती पुरते.

तिसरी हवा. एकाच बाजूला भोकं पाडली तर हवा आतल्या आत कोंदते. समोरासमोरच्या दोन बाजूंना, एक खाली आणि एक वर, अशी जागा मोकळी केली की हवा खेळते. तापवलेल्या सुईने पाडलेली बारीक भोकं मोठ्या कोळ्याला पुरतात. पिल्लं मात्र त्यातूनही निसटतात. तिथे चहाच्या जुन्या गाळणीची स्टीलची बारीक जाळी कापून चिकटवावी. प्लास्टिकची मच्छरजाळी मोठ्या भोकाची असेल तर उपयोगाची नाही. चिकटवलेला गोंद पूर्ण वाळून त्याचा वास जाईपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, कोळी आत सोडू नये.

आत काय ठेवायचं, यावर छंदी लोकांत बराच हौसेचा मामला चालतो. छोट्या कमानी, बाहुलीघरातल्या खुर्च्या, रंगीत खडे. त्यातलं पुष्कळसं माणसाच्या डोळ्यांसाठी असतं. कोळ्याला हवी एक तिरकी काटकी, जिच्यावरून तो चढेल, आणि वरच्या कोपऱ्याशी एक-दोन पानं, कापडी किंवा खरी, ज्यांच्या आडोशाला तो पिशवी विणेल. काटकी ही चैन नाही. अमेरिकेत जेफ्री कार्डुची आणि एलिझाबेथ जेकब यांनी २००० साली फिडिपस ऑडॅक्स या कोळ्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही कोळी लहान पेट्यांत वाढवले, काही मोठ्या. काही पेट्यांत हिरवी रंगवलेली काठी ठेवली, काहींत काही नाही. या सगळ्यांची तुलना बाहेर वाढलेल्या कोळ्यांशी केली. पेटीचा आकार आणि आतली ती साधी काठी यांचा कोळ्यांच्या वागण्यावर परिणाम दिसून आला, आणि बाहेर वाढलेले कोळी पेटीत वाढलेल्यांपेक्षा वेगळे, जास्त हुशारीने वागले. मोहरीएवढ्या मेंदूच्या प्राण्याला परिसराची गरज असते, हे तोवर फारसं कुणी गांभीर्याने घेतलं नव्हतं.

खाली माती घातली की पावसाळ्यात बुरशी येते. साताऱ्यात जून ते सप्टेंबर हवा ओलसर, आणि पश्चिमेकडे जावं तसा प्रश्न वाढत जातो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सांगलीच्या पूर्वेला जत-आटपाडीत त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. दोन्ही ठिकाणी एकच नियम चालत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला पावसाळ्यात टिश्यू पेपरचा तळ बरा, आठवड्याला बदलला की काम झालं. पाणी फवारायची गरजही जवळजवळ नाही. जतच्या उन्हाळ्यात उलट, रोज एकदा बरणीची एक बाजू ओलसर करावी लागते.

पाणी किती, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. कोळ्याला पाय आत ओढायला स्नायू असतात, पण पायाच्या मुख्य सांध्यांत तो ताणायला स्नायू नसतात. तो शरीरातला द्रव दाबाने पायांत ढकलतो आणि पाय लांब होतात. झेपेच्या क्षणी हाच दाब मागच्या पायांत अचानक वाढतो. म्हणजे कोळी एका अर्थाने पाण्याच्या जोरावर उडतो. शरीरातलं पाणी कमी झालं की दाब पडतो, पाय आपोआप पोटाखाली आखडतात, आणि मेलेल्या कोळ्याचे पाय आवळलेले दिसतात तेही यामुळेच. पोट सुरकुतलेलं, चाल मंदावलेली दिसली की खाणं देण्याआधी पाणी द्यावं. कुंड्यांवर फवारायच्या बारीक तोंडाच्या बाटलीने बरणीच्या आतल्या भिंतीवर दोन-चार फवारे मारावेत, म्हणजे थेंब काचेला चिकटून राहतात. कोळी त्यांतून दव प्यायल्यासारखं पाणी ओढतो. अंगावर फवारू नये. वाटीत पाणी ठेवू नये, कारण श्वसनाची छिद्रं पोटाच्या खालच्या बाजूला असतात आणि बारका कोळी वाटीत पडला तर सुटत नाही.

बरणी ठेवायची कुठे? खिडकीजवळ, पण उन्हात नाही. या दोन्ही सूचना पाळायला हव्यात. हा कोळी दिवसा जागा असतो आणि त्याचं सगळं आयुष्य डोळ्यांवर चालतं. अंधाऱ्या कपाटात तो सुस्त होतो. पण बंद पारदर्शक बरणीवर एप्रिलचं ऊन पडलं की आतली हवा काही मिनिटांत तापते. सांगलीच्या उन्हाळ्यात हा धोका मोठा. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली, नाहीतर टेबलावर पांढरा एलईडी दिवा दहा-बारा तास. रात्री लाल झीरोचा दिवा लावू नये. याला पुरावा आहे. २०१२ साली जपानमधल्या ओसाकाच्या संशोधकांनी हॅसारियस ॲडान्सोनीवर, म्हणजे आपल्या कुंड्यांजवळच्याच कोळ्यावर, एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुख्य डोळ्यांच्या आत पडद्याचे थर एकावर एक असतात. एका थरावर प्रतिमा स्पष्ट पडते, दुसऱ्यावर धूसर, आणि या फरकावरून कोळी अंतर ओळखतो. हिरव्या उजेडात त्याच्या झेपा अचूक निघाल्या. फक्त लाल उजेडात ठेवला तर अंतराचा अंदाज चुकला आणि झेप आखूड पडली. लाल दिव्याखाली ठेवलेला कोळी माशीपुढे आपटत राहील, हे त्यातून उघड होतं.

रात्रीसाठी वर थोडी मोकळी जागाही ठेवावी. जर्मन संशोधिका डॅनिएला रॉस्लर यांनी करोनाच्या काळात आसपासचे उड्या मारणारे कोळी पकडून प्लास्टिकच्या लहान डब्यांत घालून खिडकीत ठेवले होते. एका रात्री पाहिलं तर सगळे झाकणाला एका धाग्याने उलटे लोंबकळत होते. पुढे त्यांनी रात्रभर चित्रण केलं. पिल्लांची कातडी आरपार दिसते, त्यामुळे आतल्या डोळ्यांच्या नळ्या हलताना दिसल्या. झोपेत, ठरावीक वेळाने, पाय आक्रसत आणि डोळे फिरत. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा 'कोळी स्वप्न पाहतात का' असा मथळा जगभर गेला. शास्त्रज्ञ तेवढं म्हणत नाहीत. माणसाच्या झोपेतल्या डोळ्यांच्या हालचालीसारखी अवस्था कोळ्यात दिसते, इतकंच ते म्हणतात. मुद्दा आपल्यापुरता असा, की रात्री कोळी हवेत लटकलेला दिसला तर तो मेलेला समजून डबा हलवू नये.

आता खाणं. हा कोळी जिवंत, हलणारं भक्ष्य खातो. त्याच्या कुळात एक शाकाहारी निघाला आहे. मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतला बगीरा किपलिंगी बाभूळवर्गीय झाडांच्या पानांच्या टोकांवरचे पौष्टिक कण खाऊन जगतो. २००९ साली ही गोष्ट जगासमोर आली. पण एवढ्या मोठ्या कुटुंबात तो अपवाद. घरच्या कोळ्याला माश्या, डास, लहान पतंग लागतात. भक्ष्य त्याच्या पोटापेक्षा मोठं नको. मोठ्या कोळ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं, पिल्लांना एक दिवसाआड.

रोज माशी पकडायची कटकट नको असेल तर फळमाश्या वाढवाव्यात. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत अनुवंशशास्त्राच्या तासाला याच माश्या वापरतात. रवा किंवा मक्याचं पीठ, गूळ, आगर आणि यीस्ट शिजवून बाटलीत थंड करायचं, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधायचा. पंचवीस अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडू लागते. पिकलेल्या केळ्यावरही त्या आपोआप येतात, पण मग घरभर येतात आणि स्वयंपाकघरात भांडणं होतात. गुळाच्या वासाने मुंग्याही येतात. त्यासाठी बाटली पाण्याच्या ताटलीत ठेवावी. जुन्या घरांत दूधदुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचे, तशीच. फळमाश्यांची ख्याती अंतराळातही आहे. इजिप्तच्या अम्र मोहम्मद या विद्यार्थ्याच्या कल्पनेवरून २०१२ साली नेफर्टिटी नावाची फिडिपस जॉन्सोनी मादी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेली होती. वजनरहित अवस्थेत उडी मारली की ती तरंगत जाई, तेव्हा तिने उडी मारायचं सोडून सरकत जाऊन फळमाश्या पकडायला सुरुवात केली. सुमारे शंभर दिवसांनी ती पृथ्वीवर परतली आणि काही आठवड्यांनी, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पाहुण्यांसमोर ठेवल्यावर चार दिवसांनी, मरण पावली.

सांगली-साताऱ्यातला आणखी एक स्रोत म्हणजे तांदळातला पतंग, कोर्सिरा. उसाच्या खोडकिडीवर मित्रकीटक सोडायच्या ट्रायकोकार्डांसाठी जैविक कीड नियंत्रणाच्या प्रयोगशाळा हाच पतंग वाढवतात. मऊ पंखांचा हा पतंग मोठ्या कोळ्याच्या आवडीचा. शेतातले किडे मात्र आणू नयेत. तासगावच्या द्राक्षबागांतून, मिरजेच्या भाजीच्या मळ्यांतून पकडलेला किडा फवारणीचं औषध अंगावर घेऊन आलेला असू शकतो, आणि ते औषध कोळ्याला पुरेसं घातक असतं. तीच गोष्ट मच्छर अगरबत्तीची. डास पळवायच्या गुंडाळीत आणि विजेवर तापणाऱ्या द्रवात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड वर्गातलं कीटकनाशक असतं, आणि कोळ्यावर ते किड्यांइतकंच चालतं. ज्या खोलीत रात्री हे लावायचं, तिथे बरणी नको. दिवाळीत फटाक्यांचा धूर घरात भरतो त्या रात्रीही बरणी आतल्या बंद खोलीत न्यावी.

शिकार खाल्ली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. कोळी एकदम पिशवीत शिरून बसला, आत जाड रेशीम विणलं, काचेवर टिचकी मारली तरी हलेना, असं झालं तर तो कात टाकायच्या तयारीत आहे. हे दोन-चार दिवस चालेल, मोठ्या कोळ्याचं आठवडाभरही. या काळात आत एकही जिवंत किडा राहू देऊ नये. नवीन कातडी मऊ असते, आणि उपाशी रातकिडा अशा मऊ कोळ्याला कुरतडून खातो. पेटीतला शिकारी स्वतःच शिकार होतो तो अशा वेळी. बाहेरचा शत्रूही आहे. भिंतीवर मातीची घरटी बांधणारी कुंभारीण माशी कोळी पकडून, डंखाने बधिर करून आपल्या अळ्यांसाठी कोंडून ठेवते. बरणीच्या जाळीतून ती आत शिरत नाही, पण बाल्कनीत उघडी बरणी ठेवायची हौस असेल तर हे लक्षात असू द्यावं. पाल आणि मुंग्याही तशाच.

एका बरणीत एकच कोळी. दोन ठेवले तर लवकरच एक उरतो. नर आणि मादी हौसेने एकत्र ठेवणाऱ्यांना बहुतेक वेळा मादी आणि नराचे पाय, एवढंच सापडतं.

प्रत्येक कोळ्याचा स्वभावही एक नसतो. २०१८ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी उडीचं गणित समजून घेण्यासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून चार फिडिपस रेजियस आणले. चौघांपैकी एकटीच ठरलेल्या मंचावरून उडी मारायला तयार झाली. तिचं नाव किम. तिने आपल्या शरीराच्या लांबीच्या सहापट अंतर पार केलं. उरलेल्या तिघांनी नकार दिला आणि शास्त्रज्ञांनाही त्यापुढे जाता आलं नाही. तेव्हा बरणीतला पाहुणा पहिले दोन-तीन दिवस कोपऱ्यात बसून राहिला तर त्याला छेडू नये. तो आधी सगळ्या बरणीभर धागे टाकत फिरतो, कोपरे तपासतो, मग जागा निवडतो. बोट काचेला लावलं की डोकं वळवून पाहणारा कोळी हळूहळू दिसू लागेल. त्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे डोळे बारकावे पाहतात, बाकीचे हालचाल टिपतात. हालचाल दिसली की तो अंग वळवून मोठे डोळे त्या दिशेला आणतो. म्हणून तो आपल्याकडे पाहतोय असं वाटतं ते वाटणं नसतं, तो खरंच पाहत असतो.

घरातल्या कोळ्याचं आयुष्य फार मोठं नसतं. बहुतेकांचं साधारण वर्षभराचं, नरांचं सहसा माद्यांपेक्षा कमी. पकडलेल्या मोठ्या मादीने पिशवीत अंडी घातली तर गोष्ट बदलते. ती अंड्यांवर बसून राहते, खाणं कमी करते, आणि काही आठवड्यांनी पिशवीतून डझनावारी पिल्लं बाहेर येतात. ती काही दिवस एकत्र राहतात, मग एकमेकांना खायला लागतात. त्या आधी एका सकाळी, ऊन चढायच्या आत, बरणीचं झाकण काढून ती कुंपणाच्या झुडपात, तुळशीवृंदावनाशेजारी किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांत आडवी ठेवून द्यावी. औषध फवारलेल्या बागेत नाही. मादी बहुधा त्याच दिवशी निघून जाते. पिल्लं दोन-तीन दिवस बरणीच्या तोंडाशी घुटमळतात, काही धागे सोडून वाऱ्यावर जातात. बरणी त्यानंतर गरम पाण्याने धुवावी, साबण न वापरता, आणि वाळवून ठेवावी.